अर्ज कंपनीचा, आयुष्य कामगाराचे

अमेरिकेत एच-१बी व्हिसावर नोकरी करणाऱ्याच्या घरी एक कागद जिवापाड जपला जातो. त्याचे नाव आय-७९७. मंजुरी मिळालेली असेल, तर त्याच्या तळाशी आय-९४ चा तुकडा असतो आणि देशात कोणत्या तारखेपर्यंत राहता येईल हे त्यावर छापलेले असते. मंजुरी यायची असेल, तर हाती फक्त पोच असते: तीन अक्षरे आणि दहा आकड्यांचा पावती क्रमांक. या कागदावर दोन चौकटी असतात. 'पिटिशनर', म्हणजे अर्जदार, या चौकटीत कंपनीचे नाव असते. 'बेनिफिशियरी', म्हणजे लाभार्थी, या चौकटीत कामगाराचे. ज्याचे देशातले राहणे, ज्याच्या पत्नीचा किंवा पतीचा व्हिसा आणि ज्याच्या मुलांची शाळा या अर्जावर टिकून आहे, तो स्वतः अर्जदार नसतो. मूळ नोटीस कंपनीकडे आणि तिच्या वकिलाकडे जाते, कामगाराला तिची प्रत मिळते ती एचआरने पाठवली तर. अर्जाचा निकाल लागायचा असताना नोकरी सोडावी की नाही, हा प्रश्न हजारो घरांत रात्री जेवणानंतर निघतो. त्याचे मूळ या दोन चौकटींत आहे.

हा प्रश्न आपल्यापासून दूरचा नाही. दरवर्षी मंजूर होणाऱ्या एच-१बी अर्जांत सत्तर टक्क्यांहून अधिक अर्ज भारतात जन्मलेल्यांचे असतात. त्यांत पुण्या-मुंबईची, नाशिक-नागपूरची इंजिनीअर मुलेमुली मोठ्या संख्येने आहेत, आणि त्यांना पाठवणाऱ्या काही बड्या आयटी कंपन्यांची मुख्यालये महाराष्ट्रातच आहेत. तरीही आपल्याकडे चर्चा होते ती व्हिसाच्या सोडतीची, म्हणजे लॉटरी लागली की नाही याची. व्हिसा मिळाल्यानंतर माणूस नोकरी सोडायला किती मोकळा राहतो, हे फारसे कोणी विचारत नाही. माझे म्हणणे स्पष्ट आहे. कामगाराला कंपनी बदलू देणे न्याय्य आहे हे तत्त्व अमेरिकी कायद्याने पंचवीस वर्षांपूर्वीच मान्य केले. पण अर्ज प्रलंबित असतानाच्या काळात ते तत्त्व अर्ध्यावर सोडले गेले आहे. एकदा दाखल झालेला अर्ज त्या काळात कामगाराचाही मानला गेला पाहिजे.

आधी कायद्याने काय दिले ते मोकळेपणाने सांगायला हवे. ऑक्टोबर २००० मध्ये आलेल्या कायद्याने एच-१बी धारकाला मोठी सोय दिली. नव्या कंपनीने त्याच्यासाठी रीतसर अर्ज दाखल केला की मंजुरीची वाट न पाहता तो तिथे रुजू होऊ शकतो. त्याआधी मंजुरी हाती येईपर्यंत जुन्या खुर्चीतच बसून राहावे लागे. त्याच कायद्याने ग्रीन कार्डाच्या शेवटच्या टप्प्यावरचा अर्ज १८० दिवस रेंगाळला, तर तशाच प्रकारच्या कामासाठी कंपनी बदलण्याची मुभा दिली. जानेवारी २०१७ पासून लागू झालेल्या नियमांनी आणखी दोन गोष्टी केल्या. नोकरी गेली किंवा सोडली तर जास्तीत जास्त ६० दिवस देशात राहण्याची सवलत मिळाली. आणि ग्रीन कार्डासाठीचा आय-१४० अर्ज मंजूर होऊन १८० दिवस झाल्यावर कंपनीने तो मागे घेतला, तरी कामगाराचा रांगेतला क्रमांक आणि पुढची मुदतवाढ शाबूत राहिली. या शेवटच्या तरतुदीचा अर्थ महत्त्वाचा आहे. अर्ज कंपनीने केला असला तरी त्यावर कामगाराचा काही हक्क तयार होतो आणि कंपनीच्या एका पत्राने तो पुसला जाऊ नये, हे सरकारने इथे कबूल केले आहे.

मग अडते कुठे? समजा, एखाद्याच्या आय-९४ ची मुदत ३१ मार्चला संपते. कंपनीने फेब्रुवारीत मुदतवाढीचा अर्ज केला आणि निकाल यायचा आहे. वेळेत अर्ज केलेला असल्यामुळे मुदत संपल्यावरही २४० दिवसांपर्यंत त्याच कंपनीत काम करता येते. मे महिन्यात दुसरी कंपनी चांगला पगार देऊ करते, तिचा अर्ज दाखल होतो आणि तो तिकडे रुजू होतो. आता नव्या कंपनीचा अर्ज उभा आहे तो जुन्या, अजून निकाल न लागलेल्या अर्जावर. व्हिसाच्या वकिलांच्या भाषेत हा 'ब्रिज', म्हणजे पूल. जुना अर्ज नामंजूर झाला किंवा निकालाआधीच मागे घेतला गेला, तर पूल मधूनच तुटतो आणि नव्या कंपनीच्या अर्जावरची मुदतवाढही नाकारली जाऊ शकते. शिवाय त्या ६० दिवसांच्या सवलतीला एक अट आहे. साठ दिवस किंवा मंजूर मुदतीचा शेवट, यांपैकी जे आधी येईल तेवढीच ती मिळते. ज्याच्या आय-९४ ची तारीख उलटून गेली आहे आणि जो केवळ प्रलंबित अर्जाच्या आधारावर राहतो आहे, त्याच्या वाट्याला त्या साठांतला एकही दिवस येत नाही. सवलतीची सर्वाधिक गरज ज्याला, त्याच्यासाठीच ती शून्य आहे.

पूल तुटण्याची किंमत अलीकडे खूपच वाढली आहे. २१ सप्टेंबर २०२५ पासून अमेरिकेबाहेरच्या व्यक्तीसाठी केल्या जाणाऱ्या नव्या एच-१बी अर्जांवर १,००,००० डॉलरचा भार लागू झाला. देशात राहूनच मुदतवाढ घेणाऱ्याला किंवा कंपनी बदलणाऱ्याला तो लागू नाही, असा खुलासा सरकारने महिनाभराने केला. पण देशात राहण्याची मुदतवाढ नाकारली गेली, तर त्या अर्जालाही हा भार लागतो. म्हणजे जुन्या कंपनीच्या एका माघारीमुळे नव्या कंपनीपुढे लाख डॉलरचा प्रश्न उभा राहू शकतो. किती कंपन्या एका नव्या कर्मचाऱ्यासाठी एवढी रक्कम मोजतील? त्यात भारतीयांची रांग वेगळीच. नोकरीवर आधारित ग्रीन कार्डे वर्षाला सुमारे १,४०,००० आणि त्यांत कोणत्याही एका देशाचा वाटा साधारण सात टक्के. उच्चशिक्षित भारतीयांच्या ईबी-२ गटात २०२५ च्या अखेरीस २०१३ साली नाव लागलेल्यांची पाळी चालू होती. बारा-बारा वर्षे रांगेत उभा असलेला माणूस दर काही वर्षांनी मुदतवाढीचा अर्ज करतो आणि प्रत्येक अर्जागणिक काही महिने हा नाजूक काळ त्याच्या वाट्याला येतो.

यावर कोणी म्हणेल, की लोक नोकऱ्या बदलतातच, मग बंधन कुठले? हा मुद्दा पुराव्यानिशी तपासता येतो. जेनिफर हंट आणि बिन शिये या अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेतल्या पदवीधरांच्या राष्ट्रीय सर्वेक्षणाच्या आधारे तो तपासला. एकूण पाहता तात्पुरत्या व्हिसावरचे लोक स्थानिकांइतक्याच प्रमाणात स्वखुशीने नोकरी बदलतात, असे त्यांना दिसले. पण कायम वास्तव्याचा अर्ज चालू असतानाच्या काळात हे प्रमाण सुमारे २० टक्क्यांनी खाली येते आणि ग्रीन कार्ड हाती पडताच एकदम उसळी घेते. ही उसळी बोलकी आहे. कार्ड मिळाले म्हणून त्या आठवड्यात कोणाचे काम अचानक नकोसे होत नाही. सोडायचे आधीपासूनच मनात होते, वाट फक्त कागदाची होती. हा अभ्यास ग्रीन कार्डाच्या अर्जाचा आहे, तरी त्यातून कळणारी गोष्ट मुदतवाढीच्या अर्जालाही लागू पडते: माणसाला अडवून ठेवतो तो कंपनीच्या हातात अडकलेला कागद.

आता आक्षेपांकडे वळू. कंपनीने वकिलाची फी भरली, सरकारी शुल्क भरले, मग कामगाराने मध्येच निघून जाणे योग्य का, हा पहिला आक्षेप. गुंतवणुकीचा हा युक्तिवाद पोकळ नाही. पण नोकरभरतीचा खर्च प्रत्येक उद्योग करतो आणि स्थानिक कर्मचारी निघून गेला तर तोही बुडतोच. मुदतीआधी नोकरी सोडली म्हणून एच-१बी कामगाराकडून दंड वसूल करायला अमेरिकी कायद्याची स्पष्ट बंदी आहे. खऱ्या नुकसानीची वाजवी भरपाई मात्र राज्याच्या कायद्यानुसार मागता येते. म्हणजे खर्चाचा हिशेब मिटवायला मार्ग आहे. त्या हिशेबासाठी माणसाचे देशातले राहणेच तारण ठेवायचे कारण नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. कामगार सोडून गेला की तसे सरकारला कळवणे कंपनीवर कायद्यानेच बंधनकारक आहे, शिवाय तसे केल्याशिवाय पगाराची जबाबदारीही सुटत नाही. जी नोकरी उरलेलीच नाही तिच्यासाठीचा अर्ज चालू कसा ठेवायचा? हे खरे आहे, आणि म्हणूनच सारा दोष कंपन्यांवर टाकणे मला पटत नाही. अर्ज मागे घेणारी प्रत्येक कंपनी सूड घेत असते असे नाही. बहुतेक जणी नियम पाळत असतात. पण 'तो आता आमच्याकडे नाही' हे कळवणे एक आणि 'तो आमच्याकडे होता तो काळही धरू नका' हा त्याचा परिणाम वेगळा. अर्ज दाखल केला त्या दिवशी नोकरी खरी होती का, पात्रता होती का, पगार ठरल्याप्रमाणे मिळत होता का, एवढे तपासून पुलापुरता निकाल देता येईल. त्यासाठी कंपनीला त्याला पुन्हा कामावर घ्यायची गरज नाही.

तिसरा आक्षेप गैरवापराचा. बांधिलकी सैल केली तर नावापुरते अर्ज करून माणसे इकडेतिकडे पुरवणाऱ्या एजन्सींचे फावेल, अशी भीती दाखवली जाते. प्रत्यक्षात अशा एजन्सींची सगळी ताकद कामगाराच्या अगतिकतेवर उभी असते. काम नसताना बिनपगारी बसवणे, म्हणजे 'बेंच'वर ठेवून पगार बंद करणे, कायद्याने निषिद्ध आहे. पण तक्रार करायची तर ज्याच्या हातात अर्ज आहे त्याच्याविरुद्ध करायची. तक्रारीमुळे सूड घेतला गेला, तर सरकार आपल्या अखत्यारीत दिलासा देऊ शकते हे खरे. मात्र तो दिलासा नंतरचा, पुराव्यावर आणि अधिकाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून. मोकळेपणाने निघून जाता येणे हेच कामगाराचे सगळ्यात स्वस्त आणि भरवशाचे संरक्षण आहे. अमेरिकी कामगारांचे वेतन पडते ही तिथली तक्रारही याच बाजूला झुकते. पगारासाठी भांडता न येणारा परदेशी माणूस शेजारच्या स्थानिक माणसाचेही वेतन खाली ओढतो. दोघांचे हित एकाच दुरुस्तीत आहे.

शेवटी एक गोष्ट नेहमी ऐकू येते: अटी माहीत असून गेले, देश त्यांचा, नियम त्यांचे. व्हिसा द्यावा की न द्यावा हा अमेरिकेचा अधिकार आहे, याबद्दल वाद नाही. पण ज्याला बोलावले, कामाला लावले, ज्याच्याकडून कर घेतला, त्याला कसे वागवायचे हा न्यायाचा प्रश्न आहे आणि इतर देशांनी तो सोडवायला घेतला आहे. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून कंपनी सोडलेल्या प्रायोजित कामगाराला नवी कंपनी शोधण्यासाठी एका वेळी १८० दिवस दिले, आधी तिथे ६० दिवसच होते. त्या काळात दुसरीकडे काम करण्याचीही मुभा आहे. कॅनडाने २०१९ पासून छळ सोसणाऱ्या कामगारांसाठी कोणत्याही मालकाकडे काम करता येईल असा परवाना सुरू केला. युरोपीय संघाने २०२४ च्या निर्देशात परवान्याच्या काळात मालक बदलण्याची तरतूद केली. ज्या आखातातून आपण 'कफाला'च्या, म्हणजे कामगाराला मालकाशी बांधून ठेवणाऱ्या पद्धतीच्या, कहाण्या वर्षानुवर्षे ऐकल्या, तिथे कतारने २०२० मध्ये नोकरी बदलण्यासाठी मालकाच्या ना-हरकत पत्राची अट काढली. अंमलबजावणीत त्रुटी असतील, तरी दिशा कोणती हे स्पष्ट आहे.

अमेरिकेला यासाठी नवे तत्त्व शोधायचे नाही. आय-१४० बाबत जे मान्य केले, तेच मुदतवाढीच्या प्रलंबित अर्जाला लावायचे. कंपनी माघार घेवो वा न घेवो, अर्जाचा पुलापुरता निकाल गुणवत्तेवर लागावा. सवलतीचे दिवस नोकरी सुटल्यापासून मोजावेत, मग आय-९४ ची तारीख उलटलेली असो वा नसो, आणि ते साठाहून वाढवावेत. अर्जाची आणि नोटिशीची प्रत कामगाराला थेट मिळावी. भारत सरकार अमेरिकेशी व्यापारावर बोलताना व्हिसाच्या संख्येवर भर देते. कामगाराच्या मोकळिकीचा मुद्दाही त्याच टेबलावर आला पाहिजे. मुंबई-पुण्यातून माणसे पाठवणाऱ्या कंपन्यांनी तर कायदा बदलेपर्यंत थांबायचे कारण नाही. मुदतवाढीचा अर्ज मुदत संपण्याच्या तोंडावर न करता महिने आधी करणे, पंधरा कामकाजी दिवसांत कारवाई होणारी प्रीमियम प्रोसेसिंगची सोय वापरणे आणि प्रत्येक कागदाची प्रत कर्मचाऱ्याला देणे हे आजही त्यांच्या हातात आहे. तोवर कामगाराने राजीनाम्यावर सही करण्याआधी जुन्या अर्जाचा निकाल लागला का आणि आय-९४ वर कोणती तारीख आहे, एवढे स्वतंत्र वकिलाकडून पाहून घ्यावे. पण ही सावधगिरी त्याच्या एकट्याच्या माथी मारून आपण मोकळे होऊ नये. त्या कागदावरच्या पहिल्या चौकटीत कंपनीचे नाव राहू द्या. दुसऱ्या चौकटीतल्या माणसाला मात्र त्या अर्जाबद्दल बोलण्याचा हक्क हवा.