छापताना हरवलेला आवाज

‘अल्बम चालला नाही.’ संगीताच्या जगात हे वाक्य फार सहज बोललं जातं. अल्बम निघाला, लोकांनी ऐकला, त्यांना तो आवडला नाही, विषय संपला, असा त्याचा अर्थ. लिंडा परहॅक्स या अमेरिकन गायिकेच्या ‘पॅरलेलोग्राम्स’बद्दलही बरीच वर्षं असंच समजलं जात होतं. १९७० साली निघालेला हा अल्बम खपला नाही, हे खरं. पण लोकांनी तो नाकारला, हे मला मान्य नाही. तिनं जे गायलं होतं, ते लोकांच्या कानापर्यंत पोहोचलंच नव्हतं.

लिंडा बेव्हर्ली हिल्समधल्या दातांच्या दवाखान्यात हायजिनिस्ट होती. पेशंटचे दात आणि हिरड्या साफ करणं हे तिचं काम. राहायला लॉस एंजेलिसजवळच्या टोपँगा कॅनियनच्या डोंगराळ भागात. गाणी लिहायची, चाली लावायची आणि गिटारवर गायची ती फक्त स्वतःसाठी. दवाखान्यात येणाऱ्यांमध्ये लिओनार्ड रोझेनमन हे चित्रपटसंगीतकार होते. ‘ईस्ट ऑफ ईडन’ आणि ‘रिबेल विदाऊट अ कॉज’ या जेम्स डीनच्या चित्रपटांचं संगीत त्यांचं. पुढे ‘बॅरी लिंडन’साठी त्यांना ऑस्करही मिळालं. हे काम सोडून आणखी काय करतेस, असं त्यांनी एकदा तिला विचारलं. तिनं घरी केलेल्या गाण्यांची टेप त्यांच्या हाती दिली आणि ती ऐकून त्यांनी लगेच अल्बम करायचं ठरवलं.

त्या काळात अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये लोकसंगीताची साधी गिटार आणि स्टुडिओतले नवे चमत्कारिक नाद यांची सांगड घातली जात होती. सायकेडेलिक फोक म्हणतात ते हेच. पुष्कळदा त्यात साधं गाणं असायचं आणि वरून नादांची सजावट. लिंडाचं तसं नव्हतं. तिला नाद दिसायचे. एका रात्री गाडी चालवताना तिला प्रकाशाचे सरकते आकार दिसले. तिनं गाडी थांबवली आणि ते कागदावर उतरवून घेतले. शीर्षकगीताचा आराखडा म्हणून रोझेनमन यांच्यासमोर ठेवलं ते हे चित्र. त्यांनी तो हट्ट मानला नाही, संगीत मानलं. या गोष्टीसाठी मला त्यांच्याबद्दल फार आदर वाटतो. वादकही त्यांनी पहिल्या फळीतले बोलावले. तालवाद्यांवर शेली मॅन आणि मिल्ट हॉलंड होते.

ते शीर्षकगीत नीट ऐकण्यासारखं आहे. सुरुवातीला गिटारवर तिचा एकटीचा, अजिबात जोर न लावलेला आवाज येतो. मग त्याच आवाजाचा दुसरा थर, मग तिसरा. एक ओळ संपायच्या आत दुसरी तिच्यात शिरते आणि भूमितीतल्या आकारांची नावं एकमेकांवरून सरकत जातात. पुढे एका जागी गिटार थांबते आणि ताल सुटतो. उरतात ते इलेक्ट्रॉनिक नाद, घुमणारे आणि तुटणारे आवाज, त्यांच्यामधल्या मोकळ्या जागा. आता गाणं परत सापडणार नाही असं वाटत असतानाच पहिली चाल शांतपणे परत येते. या गाण्यातला प्रत्येक थर वेगळा ऐकू यायला हवा. हळू आवाज हळूच राहायला हवा, वरच्या पट्टीतली किणकिण आणि खालचा खर्ज दोन्ही शाबूत हवेत. थर एकमेकांत मिसळले की गाण्यात गाणंच उरत नाही.

नेमकं तेच झालं. कॅप या कंपनीनं रेकॉर्ड बाजारात आणताना मीडियम वेव्ह रेडिओवर वाजेल असा आवाज धरला. वरचे आणि खालचे नाद कापले गेले, लहानमोठ्या आवाजातला फरक दाबला गेला. छापून आलेली प्रत लिंडानं ऐकली आणि फेकून दिली. मग ती दवाखान्यात परत गेली आणि पुढची कित्येक वर्षं तिनं तेच काम केलं. काही जण याला शोकांतिका म्हणतात. मला तसं वाटत नाही. ज्या हातांनी ती पोट भरत होती, त्याच हातांनी तिनं हा अल्बम केला होता. अन्याय झाला तो गाण्यांवर, आणि तो छपाईत झाला.

मायकल पायपर या रेकॉर्डप्रेमी माणसानं १९९८ साली हा अल्बम आपल्या छोट्या कंपनीतर्फे सीडीवर आणला. त्याच्याजवळ जुन्या रेकॉर्डशिवाय काही नव्हतं, त्यामुळे रेकॉर्डमधला दोषही सीडीत उतरला. लिंडाचा शोध मात्र त्यानं सोडला नाही. अखेर ती सापडली आणि तिच्याकडे मूळ टेपही जपून ठेवलेल्या निघाल्या. त्यांच्यावरून केलेली आवृत्ती २००३ साली आली. तेहतीस वर्षांनी हा अल्बम पहिल्यांदा धड ऐकू आला, आणि मग किती गोष्टी घडल्या पाहा. डेव्हेंद्र बॅनहार्टसारख्या तरुण गायकानं तिला आपल्या अल्बममध्ये गायला बोलावलं. मूळ अल्बममध्ये नसलेलं, टेपमध्येच पडून राहिलेलं तिचं एक गाणं डाफ्ट पंक या फ्रेंच जोडीनं २००६च्या आपल्या ‘इलेक्ट्रोमा’ या चित्रपटात घेतलं. २०१४ साली, सत्तरी ओलांडल्यावर, लिंडाचा दुसरा अल्बम आला, आणि २०१७ साली तिसरा.

गाणी तीच. बदलला तो लोकांच्या कानावर पडणारा आवाज. म्हणून एखादी कलाकृती ‘चालली नाही’ असं म्हणण्याआधी ती लोकांपर्यंत कोणत्या अवस्थेत पोहोचली, हे पाहायला हवं. न आवडलेलं आणि न पोहोचलेलं यांचा हिशेब एकाच वहीत मांडणं हा कलावंतावर अन्याय आहे.

‘पॅरलेलोग्राम्स’ ऐकणार असाल तर मूळ टेपवरून केलेली आवृत्ती शोधा, हेडफोन लावा आणि ‘चिमाकम रेन’पासून शेवटपर्यंत सलग ऐका. आणि तुमच्या घरी कुणाच्या गाण्याच्या, कीर्तनाच्या, नाटकाच्या तालमीच्या जुन्या टेप पडल्या असतील, तर माळा आवरताना त्या भंगारात देऊ नका. आधी त्यांची नक्कल करून घ्या. लिंडानं टेप ठेवल्या नसत्या, तर आपल्याला तिचं गाणं बिघडलेलंच मिळालं असतं.