एरेंडेल: एक तारा की ताऱ्यांचा झुबका?

मार्च २०२२ मध्ये ‘एरेंडेल’ हा आजवर दिसलेला सर्वांत दूरचा तारा म्हणून जगभर गाजला. हबल दुर्बिणीने टिपलेला त्याचा प्रकाश १,२९० कोटी वर्षे प्रवास करून आला होता. २०२५ मध्ये मात्र जेम्स वेब दुर्बिणीच्या नोंदी तपासणाऱ्या एका गटाने शंका काढली, की हा एकटा तारा नसून ताऱ्यांचा झुबका असू शकतो. मग आधीचे खोटे होते का?

रुग्णालयात हा प्रश्न रोजचा आहे. तपासण्या पुढे गेल्या आणि निदान बदलले, की नातेवाईक म्हणतात, ‘डॉक्टरला आधी कळलंच नाही.’

इतक्या दूरचा एकटा तारा दुर्बिणीने सरळ दिसणे शक्य नाही. वाटेत दीर्घिकांचा एक प्रचंड समूह आहे. त्याच्या वस्तुमानाने प्रकाशाची वाट वाकते आणि मागची वस्तू हजारो पटींनी उजळ होते. काचेच्या ग्लासच्या जाड तळातून वर्तमानपत्र वाचून पाहा: एखादे अक्षर फुगते, शेजारचे धनुष्यासारखे ताणले जाते. हेच गुरुत्वीय भिंग.

अडचण अशी, की हे भिंग दुकानातून आणलेले नाही, त्याचा नंबर आपणच काढायचा. त्यातले बरेचसे वस्तुमान तर न दिसणाऱ्या कृष्णद्रव्याचे. झोपलेल्या रुग्णाचा पोर्टेबल एक्स-रे काढला, की हृदय असते त्यापेक्षा मोठे दिसते. म्हणून फोटो कसा काढला हे कळल्याशिवाय आम्ही ‘हृदय वाढले आहे’ असे लिहीत नाही. एरेंडेलचेही तसेच. भिंगाची ताकद जास्त धरली तर वस्तू लहान, म्हणजे तारा. कमी धरली तर झुबक्याला जागा उरते. नव्या गटाने वर्णपट पाहिला, तो झुबक्याशीही जुळतो.

दुसरी खूण लुकलुकण्याची. भिंगातल्या समूहातले सुटे तारे आडवे गेले, की मागचा एकटा तारा अचानक उजळतो. ९०० कोटी प्रकाशवर्षांवरचा ‘इकॅरस’ २०१६ मध्ये असाच सापडला. ‘एबेल ३७०’ या समूहामागे एक वर्षाच्या अंतराने काढलेली छायाचित्रे ताडून ४० हून अधिक तारे मिळाले. ती बातमी जानेवारी २०२५ ची. एरेंडेलचा उजेड मात्र हबलच्या साडेतीन वर्षांच्या नोंदींत फारसा हलला नव्हता. माझ्या मते मथळ्यातला ‘तारा’ हा शब्द घाईचा होता, संशोधन नव्हे.

या विषयात मराठी माणसे जुनी आहेत. पहिले गुरुत्वीय भिंग सापडले १९७९ मध्ये. त्याच वर्षी टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शशिकुमार चित्रे आणि जयंत नारळीकर यांनी मांडले, की काही क्वेसारचे भाग प्रकाशाहून वेगाने पांगताना दिसतात, तो भास अशा भिंगाचा असावा. त्या कोड्याचे आज मान्य असलेले उत्तर वेगळे आहे. पण भिंगाचा विचार इथे तेव्हाच रुजला.

नारळीकरांनी उभ्या केलेल्या पुण्याच्या ‘आयुका’तील अनुप्रीता मोरे या ‘स्पेस वॉर्प्स’ उपक्रमाच्या एक प्रमुख. त्यात सुमारे ३७,००० सामान्य लोकांनी घरबसल्या आकाशाची छायाचित्रे चाळली आणि संगणकाच्या नजरेतून सुटलेली २९ संभाव्य भिंगे दाखवून दिली. चिलीतील रुबिन वेधशाळेची पहिली छायाचित्रे जून २०२५ मध्ये आली. तिच्याकडून अशी हजारो भिंगे मिळण्याची अपेक्षा आहे.

तेव्हा असे डोळे पुन्हा लागतील. आमच्या पिंपळगाव रेणुकाईत मिरचीच्या ढिगातून डागी मिरची एका नजरेत बाजूला काढणाऱ्या बाया आहेत. त्यांची मुले इथल्या शाळांत शिकतात, आणि मोबाइल आता घरोघरी आहे. विज्ञानाच्या शिक्षकांनी आठवड्यातला एक तास या कामाला द्यावा, फी काही लागत नाही.