बटण चिखलाचे, पकड टायरची

नागपूर, प्रतिनिधी

सीताबर्डीच्या पंचशील चौकापासून व्हेरायटी चौकापर्यंतच्या कोंडीत आता उंच, रुंद मोटारींचाच भरणा दिसतो. हे चित्र केवळ नागपूरचे नाही. २०२४-२५ या आर्थिक वर्षात देशात सुमारे ४३ लाख प्रवासी वाहने विकली गेली. वाहन उत्पादकांच्या ‘सियाम’ या संघटनेच्या आकडेवारीनुसार त्यांपैकी सुमारे ६५ टक्के युटिलिटी प्रकारातील होती. त्यातच २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या एसयूव्हींवरील कर, उपकर धरून ५० टक्के होता तो सरसकट ४० टक्क्यांवर आला आणि या गाड्या आणखी आवाक्यात आल्या. खरेदीदाराला भुरळ घालणाऱ्या सुविधांत आज ‘टेरेन मोड’च्या बटणाला मानाचे स्थान आहे. ‘स्नो’, ‘मड’, ‘सॅन्ड’ अशी नावे मिरवणारे हे बटण फिरवले की गाडी कोठेही जाते, असा समज रूढ होत आहे. तो तपासून पाहणे खिशासाठी जितके आवश्यक, तितकेच जिवासाठीही आवश्यक आहे.

मुळात अडचण अशी की, मोटार वळताना बाहेरचे चाक आतल्या चाकापेक्षा अधिक अंतर कापते. त्यासाठी दोन चाकांमध्ये डिफरन्शियल बसवलेले असते. मात्र एक चाक चिखलात गेले की हीच सोय गैरसोय ठरते. अडथळा नसलेले चाक गरगर फिरत राहते आणि कोरड्या जमिनीवरचे चाक जागचे हलत नाही. फोर व्हील ड्राइव्हमध्ये इंजिनाची शक्ती पुढच्या व मागच्या अशा दोन्ही आसांना मिळते. तरी प्रत्येक आसावर हा प्रश्न शिल्लक राहतोच. जुन्या जिप्सीचा चालक त्यावर अनुभवाने मात करीत असे. कोणता गिअर, किती ॲक्सिलरेटर, लिव्हर केव्हा ओढायचा, हे त्याचे पाय आणि हात ठरवीत.

नेमके हेच ज्ञान टेरेन मोडमध्ये संगणकाच्या हवाली केलेले असते. लँड रोव्हरने २००४ मध्ये डिस्कव्हरी ३ या गाडीत ‘टेरेन रिस्पॉन्स’ आणले आणि ही कल्पना रुजली. भारतीय बनावटीच्या स्कॉर्पिओ-एनमध्ये ती २०२२ साली, तर थार रॉक्समध्ये २०२४ साली आली. बटण फिरवताच कोणताही नवा यांत्रिक भाग जन्माला येत नाही. ॲक्सिलरेटरचा प्रतिसाद, गिअर बदलण्याची वेळ, ट्रॅक्शन कंट्रोलची सहनशीलता आणि काही गाड्यांत डिफरन्शियलचे कुलूप, असे गाडीत आधीच असलेले घटक परिस्थितीनुसार जुळवून घेतले जातात. गरगरणाऱ्या चाकाला संगणक क्षणभर ब्रेक लावतो आणि त्यामुळे शक्ती समोरच्या, पकड असलेल्या चाकाकडे वळते.

मोडनिहाय ही जुळणी अगदी परस्परविरुद्ध असते. बर्फ, ओले गवत किंवा सुटी खडी यांवर चाक घसरूच नये, म्हणून ‘स्नो’ मोड ॲक्सिलरेटरला संथ करतो आणि वरचा गिअर लवकर टाकतो. वाळूत वेग तुटला की गाडी रुतलीच. म्हणून ‘सॅन्ड’ मोड खालचा गिअर धरून ठेवतो आणि चाकांना काहीसे फिरू देतो. ‘मड’ मोडमध्येही चाकाला मुद्दाम फिरू दिले जाते. टायरच्या खाचांत भरलेला चिखल झटकला जावा, हा त्यामागील हेतू.

विदर्भाच्या काळ्या मातीत या तर्काची कसोटी लागते. ही माती ओली झाली की फुगते, चिकटते आणि टायरच्या खाचा बुजवून टाकते. मग टायर गुळगुळीत रबरासारखा होतो. पावसाळ्यातील पांदण रस्त्यावर खोल खाचांचा टायर नसेल, तर ‘मड’ मोड केवळ खड्डा खोल करतो. संगणक असलेली पकड वाटून देतो. नसलेली पकड निर्माण करीत नाही.

ग्राहकाचा गोंधळ वाढतो तो नावांमुळे. २०१९ च्या हॅरिअरमध्ये ‘रफ’ व ‘वेट’ आणि २०२१ च्या अल्काझारमध्ये ‘स्नो’, ‘सॅन्ड’, ‘मड’ असे मोड होते. परंतु या दोन्ही गाड्यांत शक्ती फक्त पुढच्या दोन चाकांनाच मिळत होती. तेथेही मोड निरुपयोगी नाहीत, पण मागची चाके ओढून नेण्याचेच ओझे असतात. उलट थार, जिम्नी यांसारख्या पार्ट-टाइम पद्धतीच्या गाड्यांत पुढचा व मागचा आस एकमेकांना जखडला जातो. त्या अवस्थेत कोरड्या डांबरी रस्त्यावर वळणे घेतल्यास यंत्रणेवरच ताण येतो. ‘फोर बाय फोर’ सदैव चालू ठेवणे म्हणजे सुरक्षितता नव्हे.

सर्वांत घातक गैरसमज ब्रेक आणि पाण्याविषयीचा आहे. फोर व्हील ड्राइव्हने गाडी सुटते लवकर, थांबत मात्र लवकर नाही. ब्रेक तर साध्या मोटारीतही चारही चाकांना असतात. पाण्याचे गणित त्याहून कठोर आहे. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांत १०० मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीने पात्र सोडले आणि सीताबर्डीतील मोरभवन बसस्थानकात बसगाड्या पाण्यात उभ्या राहिल्या. अशा वेळी कामी येते ती पाण्यातून जाण्याची मर्यादा, मोड नव्हे. थारसारख्या उंच गाडीतही ती ६५० मिलिमीटर, म्हणजे दोन फुटांहून किंचित अधिक एवढीच आहे. शिवाय ती संथ पाण्यासाठी असते. वाहते पाणी दोन फूट असेल, तर एसयूव्हीसह बहुतेक मोटारी तरंगून वाहत जाऊ शकतात. हवेच्या मार्गाने पाणी इंजिनात शिरले, की ते निकामी होण्यास क्षणही लागत नाही. जून २०२४ मध्ये कच्छमधील मुंद्रा किनाऱ्यावर समुद्रात नेलेल्या दोन थार पाण्यात अडकल्या होत्या, हे उदाहरण पुरेसे बोलके आहे.

खरेदीपूर्वी म्हणूनच काही प्रश्न विचारावेत. शक्ती दोन चाकांना की चारही चाकांना? लो-रेंज गिअर आहे काय? डिफरन्शियलला कुलूप आहे काय? टायर कोणत्या जातीचे? पाण्यातील मर्यादा किती? ही उत्तरे जाहिरातीत ठळक अक्षरांत छापण्याची जबाबदारी कंपन्यांची आहे आणि चालक परवान्याच्या परीक्षेत या यंत्रणेला स्थान नसल्याने शिकण्याची जबाबदारी चालकावर येते. शहरातच फिरणाऱ्या कुटुंबासाठी चारही चाकांच्या यंत्रणेवरील जादा खर्चापेक्षा चांगल्या टायरवरचा खर्च अधिक उपयोगी ठरेल. आणि नाग नदी रस्त्यावर आली असेल, त्या दिवशी गाडीतील सर्वांत उपयुक्त मोड एकच : इंजिन बंद ठेवून घरी थांबण्याचा.