शेंगदाण्यावरची हिरवी भुकटी

आगोटीस भरून ठेवलेला शेंगदाण्यांचा डबा भाद्रपदांत उघडावा, तों वरचे दाणे बरे. पण तळचे एकमेकांस चिकटलेले व त्यांच्यावर पिवळसर हिरवी भुकटी बसलेली, असा अनुभव बहुतेक घरांतून येतो. पुढचा क्रमहि ठरलेला असतो. बरे दाणे निवडून, फडक्यानें पुसून, एक दिवस उन्हांत घालून भाजले जातात. मध्यम असतील ते चटणींत जातात. आणि अगदींच वाईट ते मोलकरणीच्या पदरांत किंवा गाईच्या आंबोणांत पडतात. अन्न टाकूं नये, ही शिकवण आपल्या हाडींमासीं खिळलेली आहे आणि ती वाईट आहे असें आम्ही म्हणणार नाहीं. परंतु या एका बाबतींत ती घातक ठरते.

ही भुकटी म्हणजे धूळ नव्हे. ॲस्परजिलस नांवाच्या बुरशीच्या एका मोठ्या कुळाचे ते बीजकण होत. १७२९ सालीं फ्लॉरेन्स येथील वनस्पतिशास्त्रज्ञ मिकेली यानें या बुरशीचें वर्णन केलें. उभा दांडा, त्याच्या टोंकाला गोल बोंड आणि बोंडापासून चहूंकडे सुटलेल्या कणांच्या माळा, हें रूप पाहून त्याला ख्रिस्ती देवळांत तीर्थ शिंपडण्याच्या उपकरणाची आठवण झाली व त्याच्याच लॅटिन नांवावरून त्यानें बुरशीचें बारसें केलें. मिकेली आपल्याकडे जन्मला असता तर प्रोक्षणाच्या दर्भावरून त्यानें नांव ठेवलें असतें! बुरशी हिरवी दिसली तरी पानांतलें हरितद्रव्य तिच्यांत नसतें; स्वतःचें अन्न तिला तयार करतां येत नाहीं. ती आपले तंतू दाण्याच्या आंत घुसविते, पाचक रस सोडते, आणि अन्न बाहेरच पचवून मग शोषून घेते. म्हणजे आपल्याला दिसतो तो केवळ शेंडा. पसारा सगळा आंत. फडक्यानें पुसून काय साधतें, तें यावरून समजेल.

या पाचक रसांचा माणसानें पुष्कळ उपयोगहि करून घेतला आहे. या कुळांतील ऑरिझी नांवाची जात जपानांत वाफवलेल्या तांदळावर मुद्दाम वाढवितात. ती तांदळांतील पिष्टाची साखर करते, आणि मिसो, सोयाचा रस व साके नांवाचें मद्य हीं तिच्यावांचून होत नाहींत. २००६ सालीं तेथील मद्यविद्येच्या मंडळानें तिला राष्ट्रीय बुरशीचा मानच दिला. काळ्या रंगाच्या नायजर जातीकडून साखरेचें सायट्रिक आम्ल करून घेण्याची युक्ति अमेरिकेंतील जेम्स करी यानें १९१७ सालीं प्रसिद्ध केली. तत्पूर्वीं हें आम्ल लिंबांपासून काढीत. आज बाजारांत मिळणाऱ्या लिंबूसत्त्वाचा लिंबाशीं बहुधा कांहींच संबंध नसतो. तें या बुरशीचें देणें आहे.

ऑरिझीची अगदीं जवळची आप्त म्हणजे फ्लेव्हस, आपल्या डब्यांतली. दोघींत साम्य इतकें कीं फ्लेव्हसलाच माणसाळवून ऑरिझी झाली असावी, असें शास्त्रज्ञ मानतात. पण एकीच्या जिवावर जेवण चालतें, तर दुसरी विष करते. १९६० सालीं इंग्लंडांत टर्की पक्ष्यांचीं एक लाखाहून अधिक पिल्लें अकस्मात् मेलीं. शोध केला तेव्हां दोष ब्राझिलांतून आलेल्या भुईमुगाच्या पेंडींत निघाला, आणि तींतील विषाला बुरशीच्या नांवावरून अफ्लाटॉक्सिन हें नांव मिळालें. हें सारें दूरदेशचें म्हणून सोडून देण्यासारखें नाहीं. १९७४ सालच्या अखेरीस राजस्थानांतील बांसवाडा व गुजराथेंतील पंचमहाल या लगतच्या जिल्ह्यांत अवकाळी पावसानें मका भिजला. नवा मका येतांच खेडोपाडीं कावीळ व पोटांत पाणी होण्याचा विकार पसरला. सुमारें चारशें लोक आजारी पडले व शंभरावर दगावले. तेंच अन्न खाणारीं कुत्रींहि मेलीं. ज्यांना दुसरा दाणा घेण्याची ऐपत नव्हती, त्यांनीं घरांतला भिजका मका खाल्ला, एवढीच ती गोष्ट.

थोडथोडें विष वर्षानुवर्षें पोटांत गेलें तर यकृताचा कर्करोग संभवतो. आणि ज्यांना ब प्रकारच्या काविळीचा जुना संसर्ग आहे, त्यांच्या बाबतींत हा धोका अनेक पटींनीं वाढतो. भाजण्यानें बुरशी मरते, पण विष पुरतें जात नाहीं. त्याला वास नाहीं, म्हणून नाकाची साक्षहि येथें उपयोगाची नाहीं.

निवडण्याचें काम निरर्थक आहे असें मात्र नव्हे. कोरड्या डब्यांतील आकसलेले, काळपटलेले दाणे काढून टाकणें उत्तमच. कारण विषाचा मोठा भाग अशाच थोड्या दाण्यांत साठलेला असतो. परंतु जेथें बुरशी पसरून गठ्ठे झाले, तेथें सबंध डबा टाकावा, आणि टाकतांना भुकटी फुंकूं नये. या कुळाचे बीजकण हवेंतून रोजच आपल्या छातींत जातात व निरोगी माणसाला बाधत नाहींत. पण दमेकऱ्यास, किंवा क्षयानें फुप्फुसांत पोकळी राहिलेल्यास ते जड जातात. (२०२१ सालीं वर्तमानपत्रांतून गाजलेली काळी बुरशी निराळ्या कुळांतली, तिचा व आमच्या नायजरचा घोटाळा करूं नये.) दाणे साठविण्यापूर्वीं ते खणखणीत वाळवावे, शेंकडा ७-८ पेक्षां अधिक ओल त्यांत राहूं देऊं नये, म्हणजे बुरशीला पाय ठेवण्यास जागा मिळत नाहीं.

राहिली मोलकरीण आणि गाय. जें आपल्या मुलांना वाढणार नाहीं, तें मोलकरणीच्या मुलांना देण्याचा आपल्याला कोणता अधिकार, याचें उत्तर ज्यानें त्यानें द्यावें. गाईचें तर विषच परत येतें. तेल काढतांना बहुतेक विष पेंडींत उरतें. ती पेंड किंवा ते दाणे गाईनें खाल्ले कीं एका दिवसाच्या आंत त्याचा कांहीं अंश रूप बदलून दुधांत उतरतो, आणि दूध तापविल्यानें तो नष्ट होत नाहीं. किलोभर दुधांत हा अंश अर्ध्या मायक्रोग्रॅमहून अधिक नसावा असा आपल्या देशाचा नियम आहे. चारा बदलला तर तीनचार दिवसांत दूध पुन्हां स्वच्छ होतें.