भोंगा ऐकू न येणाऱ्यांचे काय?

२५ जुलै २०२४ च्या पहाटे खडकवासला धरणातून मुठा नदीत सुमारे ३५ हजार क्युसेक पाणी सुटले आणि पुण्यात सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत शिरले. रहिवाशांना बोटींतून बाहेर काढावे लागले. पूर्वसूचनाच मिळाली नाही, ही त्यांची तक्रार बरेच दिवस गाजली. पण सूचना कोणाला कळेल अशी द्यायची, हा प्रश्न मागेच राहिला.

नदीकाठी इशारा द्यायचा म्हणजे गाडीवर भोंगा लावून फिरायचे, ही आपली रीत. तो कानावर पडेल आणि पडला की कळेल, हे त्यात गृहीतच असते. श्रवणयंत्र वापरणारा माणूस ते रात्री काढून डबीत ठेवतो. पक्षाघातानंतर वाचाघात झालेल्या अनेकांना आवाज नीट ऐकू येतो, पण लांबलचक वाक्याचा अर्थ लागत नाही. आणि कानाने अधू झालेल्या आजोबांना मुसळधार पावसात भोंग्याचा नुसता गोंगाट ऐकू येतो.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ च्या कलम ८ नुसार जिल्ह्यातील दिव्यांगांची नोंद ठेवणे आणि धोक्याची माहिती त्यांच्यापर्यंत पोहोचवणे हे जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे काम आहे. राज्याचे दिव्यांग कल्याण आयुक्तालयही पुण्यातच आहे. तेव्हा पूररेषेतील दिव्यांगांच्या घरांची यादी महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयांच्या हाती का नसावी?

तंत्रज्ञानाची अडचण नाही. २०२३ मध्ये देशभर मोबाइल खणखणले, थरथरले आणि पडद्यावर आपत्कालीन इशाऱ्याच्या चाचणीचा संदेश झळकला, तीच यंत्रणा येथे उपयोगी पडेल. मात्र मजकूर सोपा हवा. ‘विसर्ग वाढविण्यात येत आहे’ यातून काय बोध व्हावा? क्युसेकचा आकडा पुणेकराला उमगत नाही. नदीपात्रातला भिडे पूल पाण्याखाली गेला म्हटले की लगेच उमगते. १ जानेवारी २०२४ च्या भूकंपानंतर जपानच्या एनएचके वाहिनीने ‘त्सुनामी! पळा!’ हे शब्द लहान मुलालाही वाचता येतील अशा सोप्या लिपीत पडद्यावर दाखवले होते.

पाणी कुठे येणार, किती वाजेपर्यंत निघायचे, कोणत्या शाळेत जायचे, अशा तीन छोट्या ओळी आणि सोबत चित्र पुरे. मोबाइल नसलेल्यांच्या दारी जाऊन दिवा दाखवणारा किंवा हलवून उठवणारा शेजारी आधीच नेमलेला हवा. पावसाळ्यापूर्वी महापालिका आणि जलसंपदा विभागाने याची रंगीत तालीम एकतानगरीतच, तीही रात्री आणि कर्णबधिर रहिवाशांना सोबत घेऊन करावी. कोणाला किती वेळात कळले, हेही जाहीर करावे.