प्रकल्प मुलाचा, हात बापाचा

सहामाही जवळ आली की सातारच्या राजपथावर आणि सांगलीच्या मारुती रोडवर स्टेशनरीच्या दुकानांत गर्दी उसळते. त्या गर्दीत मुले थोडी, पालकच फार. कुणाला कार्डशीट हवी, कुणाला चित्रांचे तक्ते, कुणाला थेट तयार ज्वालामुखी! रात्री बारापर्यंत अम्मी कात्री चालवते, अब्बा सुवाच्य अक्षरात मजकूर उतरवतात आणि ज्याचा प्रकल्प तो खुशाल झोपलेला असतो. सकाळी नाव मात्र त्याचे. आम्ही याला फसवणूक म्हणतो. 'मुलाला मदत' हे तिचे गोंडस नाव.

शिक्षण हक्क कायदा 2010 साली लागू झाला आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. आकारिक मूल्यमापनाच्या आठ साधनांत प्रकल्प हे एक. मुलाने पाहावे, विचारावे, हाताने करावे, हा हेतू. पालकांनी त्याचे काय केले? घोकंपट्टी निदान मुलाची स्वतःची तरी असे!

डॉ. झाकीर हुसेन यांचा फोटो आमच्या सभांतून लावला जातो. 1937 साली वर्ध्यात गांधीजींनी नयी तालीम मांडली, तेव्हा तिचा आराखडा करणाऱ्या समितीचे ते अध्यक्ष होते. मुलाच्या हाताला काम, हाच त्या तालमीचा कणा. साताऱ्याला तर वर्ध्यापर्यंत जाण्याचीही गरज नाही. 1919 मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924 मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढले. वेगवेगळ्या जातिधर्मांची मुले तिथे एकत्र राहत, आपली कामे आपण करत. त्याच गावात आज बाप मुलाचा नकाशा रंगवतो.

यात मरतो कोण? ज्याची अम्मी पहाटे भाजीची गाडी लावते, ज्याचे अब्बा गॅरेजमधून रात्री नऊला सुटतात, तो. बागवान, शिकलगार, पिंजारी, मणेर यांच्या घरांतून कितीतरी मुले पहिल्यांदाच एवढी पुढे आली आहेत. डिंकाने माखलेला त्यांचा वाकडातिकडा कागद इंजिनिअर बापाच्या कारागिरीशेजारी ठेवला जातो. शिक्षकांना हात कुणाचा ते दिसत नाही? दिसते, तरी वर्गाच्या भिंतीवर बापाचेच काम लागते. आणि ते पोर शिकते की आपला हात वाईट, आपले आईबाप उणे.

आमच्यातला नवा मध्यमवर्ग म्हणतो, आपली मुले आधीच मागे, एक गुण तरी का सोडावा? ही भीती आम्हांला कळते. पण घरात लेकराचा पहिला रोजा असतो तेव्हा आपण काय करतो? लाड करतो, हार घालतो, इफ्तारला त्याच्या आवडीचे रांधतो. त्याच्या वतीने रोजा धरत नाही.

शिवाय विकत आणायचे कशाला? मिरजेत सतार-तंबोऱ्यांची कारागिरी दीडशे वर्षांहून जुनी. फरीदसाहेब सतारमेकरांपासून तिची परंपरा सांगतात. 2024 मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळाले. त्याच मिरजेतल्या मुलाने 'भारतीय वाद्ये' म्हणून दोन-पाच रुपयांचा तक्ता चिकटवावा? भोपळा किती दिवस वाळवतात, जवारी कशी लावतात, हे त्याने कारागिरालाच विचारावे. मोडक्या मराठीत लिहिले तरी ते त्याचे. हरिपुरात हळदीची जमिनीतली पेवे होती. 2005 च्या महापुराने त्यांतली कितीतरी निकामी केली. पेवात उतरलेला एखादा म्हातारा हमाल अजून भेटेल. त्याची हकीकत कुठल्या दुकानात मिळते?

आमची मागणी साधी आहे. प्रकल्प शाळेतच, तासिकेतच व्हावा. कागद, डिंक शाळेने द्यावा. घरून सजून आलेले काम गुणांसाठी धरू नये. पुढच्या पालकसभेत आम्ही हे मांडणार आहोत. तयार ज्वालामुखी आणणाऱ्यांनीही जरूर यावे.