घोषवाक्यालाही तराजू हवा

फैजपूरच्या परिसरात केळीचा माल काट्यावर चढल्याशिवाय त्याचा पैसा ठरत नाही. कोणी "वजन भरपूर आहे" म्हटले, म्हणून आपण तोलायचे सोडत नाही. मग आभासी चलनाच्या जाहिरातीतले घोषवाक्य न तोलता का स्वीकारावे?

ऑक्टोबर २०२१ मध्ये एका परदेशी कंपनीने जगाला सांगितले, की दैव शूरांनाच साथ देते. तेव्हा एका बिटकॉइनचा भाव ६० हजार डॉलरच्या आसपास होता. जून २०२२ मध्ये तो २० हजारांखाली आला. डिसेंबर २०२४ मध्ये तो एक लाखावर गेला, हेही खरे. पण त्या वाक्यात ना घसरण होती, ना वाढ. जे विधान कोणत्याही निकालाने खोटे ठरत नाही, ते काही सांगतही नाही.

आकडा दिला म्हणजे भागले, असेही नाही. 'गेनबिटकॉइन' योजनेचे आश्वासन होते : दरमहा १० टक्के, १८ महिने. २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी तिच्या कथित सूत्रधाराला अटक केली. पुढे तपास सीबीआयकडे गेला. आता वही घ्या. दरमहा १० टक्के मिळाले आणि ते पुन्हा गुंतवत गेले, तर १०० रुपयांचे १० वर्षांत ९२ लाखांहून अधिक होतात! कोणते शेत, कोणता कारखाना एवढे पिकवील? हे गणित गुंतवणुकीआधी करता आले असते.

१ एप्रिल २०२२ पासून जाहिरात मानक परिषदेच्या नियमांनुसार अशा जाहिरातींत 'चलन' हा शब्द वापरायचा नाही आणि धोक्याची सूचना द्यायची आहे. हे योग्यच झाले. पण माझ्या मते धोका सूचनेत नव्हे, घोषवाक्यातच सांगायला हवा.

शिक्षकांनी वर्गात एक स्पर्धा घ्यावी. विषय : आभासी चलनासाठी घोषवाक्य. अट एकच, नफ्याइतकाच तोटाही त्यात यावा. उदाहरणार्थ, "भाव चढेल, कोसळेलही, बुडाले तर भरून देणारा कोणी नाही." असे लिहिले तर गिऱ्हाईक येणार नाही, असे कोणी म्हणेल. न येवो! जे येईल, ते डोळे उघडे ठेवून येईल.

केळीच्या पट्टीचे पैसे घरात आले, की ते दुप्पट करून देणाराही दारात येतो. तेव्हा वडिलांशेजारी वही-पेन्सिल घेऊन बसा आणि विचारा : किती? केव्हा? आणि कोठून?